एक बोट कमी

भिंगरीला पाच वर्षं पूर्ण होऊन एक महिना झाला होता, आणि तिच्या शिक्षणाला एकूण पाच वर्षं नऊ महिने उशीर झाला आहे, ही माहिती तिच्या आईला एका मंगळवारी सकाळी फोनवरून देण्यात आली. माहिती देणारी बाई शाळेच्या प्रवेश विभागातली होती आणि तिच्या आवाजात कमालीची सहानुभूती होती.

"आमच्याकडे पालक साधारणपणे गर्भधारणेची खात्री झाली की त्याच आठवड्यात नोंदणी करतात," ती म्हणाली.

"आम्ही तेव्हा इथे नव्हतो हो. दुसऱ्या देशात होतो. येऊन चारच महिने झालेत."

"गर्भधारणा कुठल्याही देशातून कळवता येते, मॅडम. ऑनलाइन सोय आहे."

भिंगरी तेव्हा सामानाच्या एका रिकाम्या खोक्यात बसून स्वतःशीच गप्पा मारत होती. गेले चार महिने ती स्वतःशीच गप्पा मारत होती, कारण या देशात तिला दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं. इमारतीतली सगळी मुलं दिवसभर शाळेत असत. घराजवळ एक साधी शाळा होती. पण तिथे प्रवेशासाठी इथली भाषा येत असल्याचा दाखला लागे, आणि इथली भाषा फक्त त्या शाळेत शिकवत. म्हणजे उरली ती आंतरराष्ट्रीय शाळा. टेकडीवरची, काचेची, जगातल्या एकशे चौदा देशांच्या मुलांना दार उघडं असलेली आणि त्यातल्या बहुतेकांना ते बाहेरून दाखवणारी.

"ऑफिसात सगळ्यांची मुलं तिथेच जातात," भिंगरीचे बाबा म्हणाले.

"आणि ज्यांना तिथे मिळत नाही त्यांची?"

"तसं कोणी भेटलं नाही अजून. बहुतेक त्यांची बदली होते."

तेव्हा प्रवेश सल्लागार गाठणं भाग पडलं. सल्लागारबाई आपल्याच भाषेत बोलत, हा मोठा आधार होता. त्यांच्या कचेरीत भिंतीवर यशस्वी मुलांचे फोटो होते. प्रत्येक मूल तीन-चार वर्षांचं, आणि प्रत्येकाचा चेहरा नुकताच राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यासारखा. अर्ज त्रेचाळीस पानांचा होता. बाईंनी तो टेबलावर ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि भिंगरीकडे न पाहता आईला विचारलं, "मुलीचं कार्यक्षेत्र काय?"

"म्हणजे?"

"रोबो, समुद्री जीव, हवामान बदल. काहीतरी आवड असेलच ना."

"तिला खोकी आवडतात."

"खोकी." बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: शाश्वत वेष्टण. "नेतृत्व?"

"घरात एकटीच आहे ती. कोणाचं नेतृत्व करणार?"

"तुम्ही दोघं तिचं ऐकता?"

"ऐकावंच लागतं," बाबा म्हणाले.

"दोन प्रौढांचा गट, पाच वर्षं," बाईंनी लिहिलं. "आता सगळ्यात महत्त्वाचं. पान एकतीस. अर्जदाराने आजवर तोंड दिलेलं संकट आणि त्यातून झालेली जडणघडण. तीनशे शब्द."

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंगरीला एकदा कांजिण्या झाल्या होत्या. बाईंनी मान हलवली. कांजिण्या मागच्या वर्षी फार झाल्या होत्या. विमान चुकलं होतं? नाही. पूर, आग, घटस्फोट?

"अजून तरी नाही," बाबा म्हणाले. "निकाल कधी लागतो त्यावर आहे."

"तिचे आजोबा गेले," आई म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "कधी?"

"आठ महिने झाले."

"छान," बाई म्हणाल्या, आणि लगेच सावरून, "म्हणजे, वाईट झालं. फार वाईट. पण आठ महिने छान. सहा महिन्यांच्या आतलं असतं तर मूल अस्थिर धरतात, आणि दोन वर्षं उलटली की परिणाम ओसरला म्हणतात. जवळचे होते का? कारण नुसते आजोबा असून उपयोग नसतो. जवळीक दाखवावी लागते."

"माझे वडील होते," आई म्हणाली.

"तुमचा अर्ज नाहीये ताई हा," बाई समजुतीने म्हणाल्या. "मुलीचं सांगा."

नाना, म्हणजे आईचे वडील, दोन खोल्यांच्या एका शाळेत सदतीस वर्षं मुख्याध्यापक होते. त्या भागात मुलांच्या जन्माचे दाखले नसत. मूल सहा वर्षांचं झालंय की नाही हे ठरवण्याची नानांची एकच पद्धत होती. मुलाने सरळ उभं राहायचं, उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला, तर पटावर नाव. नाही लागला, तर नाना आपला तळवा त्याच्या डोक्यावर ठेवत आणि म्हणत, "जरा मान वाकव. अजून. हां, लागला बघ." आणि पटावर नाव. आईचं स्वतःचं नावही पटावर असंच, सात महिने आधी चढलं होतं. डोक्यावर ठेवलेला तो तळवा कोरडा होता आणि त्याला खडूचा वास होता, एवढं तिला आठवे. "हिला घरी ठेवली असती तर तिथली शाळेची कागदपत्रं हिने फाडून संपवली असती," असा खुलासा नाना करत.

शेवटच्या वर्षी ते पलंगावर उशीला टेकून रोज सकाळी भिंगरीचं माप घेत. रोज एक बोट कमी पडे. "एक बोट राहिलंय फक्त. ते आलं की तू शाळेत," ते सांगत, आणि भिंगरी ते बोट आणायला दिवसभर हात ताणत हिंडे. तिची मान मात्र त्यांनी एकदाही वाकवली नाही. खेळ लवकर संपला असता.

यातलं आईने दोन संध्याकाळी बसून जेमतेम पानभर लिहिलं. सल्लागारबाईंनी ते लक्षपूर्वक वाचलं आणि एका ओळीवर आडवी रेघ मारली. ओळ अशी होती: त्यांनी कोणाही मुलाला परत पाठवलं नाही.

"ही काढा. शाळेला टोमणा मारल्यासारखं वाटतं."

"पण तेच तर खरं आहे त्यांच्याबद्दल."

"असेल हो. पण जी संस्था दर शंभरात सत्त्याण्णव मुलं परत पाठवते तिला हे वाचून काय वाटेल? आपणही जरा त्यांच्या भावनांचा विचार केला पाहिजे."

कानाची गोष्टही बाईंनी काढून टाकली, कारण ती मागासलेली वाटत होती. त्या जागी 'आंतरपिढीय शिक्षण' असे शब्द आले. उरलेल्या तीनशे शब्दांत भिंगरी दुःखातून शिकली, सावरली, आणि आता इतर मुलांना सावरायला तयार होती. आईने ते वाचलं. नानांचं त्यात फक्त वय बरोबर होतं. तिने सही केली.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत म्हणजे मुलाखत नव्हतीच, असं पत्रात तीन वेळा म्हटलं होतं. मुलांनी फक्त नैसर्गिकपणे खेळायचं होतं. नैसर्गिक खेळण्याचा कालावधी बावीस मिनिटं होता. एका गालिचा घातलेल्या खोलीत सहा मुलांना सोडलं होतं, आणि काचेच्या भिंतीपलीकडून तिघेजण त्यांच्याकडे पाहत होते: प्रवेश संचालक, बालवर्तन निरीक्षक, आणि एक गृहस्थ जे काहीच बोलत नव्हते आणि म्हणून सर्वांत वरिष्ठ होते. पालकांना मागच्या रांगेत बसवलं होतं आणि त्यांनी चेहऱ्यावर भाव आणू नयेत अशी सूचना होती.

पाच मुलं तयारीची होती, हे पहिल्या मिनिटातच दिसलं. एका मुलाने दुसऱ्याला ठोकळा देऊन म्हटलं, "तुझ्या मताचा मला आदर आहे." दुसऱ्याने ठोकळा परत करत म्हटलं, "आधी तू." तिसऱ्या मिनिटापर्यंत तो ठोकळा पाचही मुलांच्या हातून दोनदा फिरला आणि त्याचं कोणीच काही बांधलं नाही. एक मुलगी पडली, उठली, आणि काचेकडे वळून हसली. भिंगरी ठोकळ्यांच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसली.

"ही काय करते आहे?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"शाश्वत वेष्टण," संचालक अर्ज चाळत म्हणाले.

मग संचालक आत गेले, गुडघ्यावर बसले आणि एकेका मुलाला विचारू लागले की त्याला या शाळेत का यायचं आहे. पहिल्या पाच उत्तरांत जग बदलणं चार वेळा आणि पृथ्वी वाचवणं एकदा आलं. भिंगरीला प्रश्न दोनदा विचारावा लागला. दुसऱ्यांदा त्यातला 'शाळा' हा एकच शब्द तिला नीट कळला असावा. ती खोक्यातून बाहेर आली. सरळ उभी राहिली. उजवा हात डोक्यावरून नेला आणि डाव्या कानाला लावला.

मान ताठ होती. हात पोहोचला होता. बोटाची दोन पेरं कानाच्या खाली उतरली होती.

"लागला," भिंगरीने जाहीर केलं, आणि वळून दाराकडे पाहिलं, कोणी पटावर नाव लिहायला येतंय का म्हणून.

काचेच्या या बाजूला आईच्या चेहऱ्यावर भाव आले. नियमभंग होता, पण त्या क्षणी कोणाचं लक्ष नव्हतं. निरीक्षकबाई उभ्या राहिल्या होत्या.

"हे काय केलं तिने?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईला सांगायचं होतं की माझे वडील एका शाळेत होते. तिने तोंड उघडलं. पण गेले दोन महिने ती पान एकतीसच्या सहवासात राहिली होती, आणि माणसाला सहवासाचा गुण लागतो.

"ही सज्जतेच्या स्व-मूल्यमापनाची एक पद्धत आहे," ती म्हणाली.

बाबांनी आ वासला तो मिटायला थोडा वेळ लागला.

"कोणी विकसित केली?"

"एका शिक्षणतज्ज्ञांनी. आता हयात नाहीत."

"किती मुलांवर वापरली?"

"सदतीस वर्षं. सुमारे दोन हजार मुलांवर."

निरीक्षकबाईंचं पेन भराभर चालू लागलं. "आणि नापास होण्याचं प्रमाण?"

"शून्य," आई म्हणाली. एवढं एक खरं तिला बदलता आलं नाही.

मग ते वरिष्ठ गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. "यात सुधारणेला वाव आहे," ते म्हणाले.

भिंगरीला प्रवेश मिळाला. पत्रासोबत आणखी एक पत्र होतं. शाळेला या पद्धतीत रस होता, आणि पालक म्हणून आईने प्रवेश समितीवर यावं अशी विनंती होती. विनंती मान्य न केल्यास काय होईल हे लिहिलेलं नव्हतं. फक्त खाली बारीक अक्षरांत आठवण होती की प्रत्येक मुलाच्या जागेचा दरवर्षी पुनर्विचार होतो आणि त्यात पालक-सहभागाला महत्त्व असतं.

"जा ना," बाबा म्हणाले. "नानांचं काम पुढे चालेल."

तोवर शाळा सुरू झाली होती. भिंगरी आतल्या खोलीत कोणाशी तरी फोनवर बोलत होती. शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात तिला एक मैत्रीण मिळाली होती. दोघींची भाषा वेगळी होती, पण खोकी दोघींना आवडत. आई थोडा वेळ ते बोलणं ऐकत उभी राहिली, आणि मग समितीवर गेली.

पहिल्या बैठकीत पद्धतीला नाव मिळालं: कर्णस्पर्श सज्जता निर्देशांक. दुसऱ्या बैठकीत, चाचणी सहा वर्षांच्या मुलांना फार सोपी जाते असं लक्षात आल्यावर, वय चारवर आणलं गेलं. एका बालरोगतज्ज्ञाने लेखी कळवलं की चार वर्षांच्या मुलाचा हात मुळात तिथे पोहोचतच नाही, शरीराचं ते प्रमाणच नसतं. समितीने पत्राची नोंद घेतली आणि चाचणीची निवडक्षमता आता वैद्यकीयदृष्ट्याही सिद्ध झाल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. तिसऱ्या बैठकीत निरीक्षकबाईंनी एक शंका काढली.

"मुलाने मान वाकवली तर?"

सगळे आईकडे पाहू लागले. पद्धतीची मूळ माहिती असणारी ती एकटीच होती.

"मूळ पद्धतीत काय होतं?" संचालकांनी विचारलं.

आईने समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. मूळ पद्धतीत मान वाकवणं हीच पद्धत होती, हात तर निमित्ताला होता. पण हे सांगितलं तर पद्धतच उरत नव्हती, समिती उरत नव्हती, आणि पुनर्विचार तर मार्चमध्ये होता.

"त्याबद्दल लेखी काही नाही," ती म्हणाली.

"मग मान वाकवणं हे बाह्य साहाय्य धरू," संचालक म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. एक मत आईचं होतं.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. सल्लागारबाईंनी कानाची खोडलेली गोष्ट कचऱ्यातून वर काढली आणि 'कर्णस्पर्श: पाया ते प्रावीण्य' असा वर्ग सुरू केला. वर्गात जागा मिळेना, तेव्हा पाळण्यातल्या मुलांसाठी वेगळी तुकडी निघाली. शहरातल्या बागांत मुलं एका हाताने दांडीला लोंबकळताना दिसू लागली आणि खाली आया घड्याळ लावून उभ्या. दाट केसांनी अर्धं बोट वाया जातं असं कळताच मुलांची डोकी तुळतुळीत झाली. कान मोठे असणाऱ्या घराण्यांचा भाव वधारला. एका विवाह जुळवणाऱ्या संस्थेने अर्जात तसा रकाना घातला. काहींचे खांदे निखळले, पण ते पान एकतीसवर कामी आले. दुसऱ्या एका शाळेने स्पर्धेत मागे राहू नये म्हणून डाव्या हाताने उजवा कान मागितला, आणि पालकांत दोन तट पडले.

आईला आता लोक ओळखत. लिफ्टमध्ये शेजारीण हळूच विचारी, "काय हो, आमच्या धाकट्याचं बघाल का जरा? हात तुमच्या भिंगरीसारखाच आहे त्याचा, लांब." बाबा घरी आल्यावर हात डोक्यावरून नेऊन म्हणत, "येऊ का आत?" पहिले काही दिवस आई हसली. मग तिने त्यांना सांगितलं की घरात हे नको.

दुसऱ्या वर्षीच्या प्रवेशांत सतरा नंबरची मुलगी आत आली ती आजोबांचं बोट धरून. सव्वाचार वर्षांची होती. आई-वडील दोघंही कामावर होते, रजा मिळाली नव्हती, असं आजोबांनी न विचारता सांगितलं. नुकतेच आले होते ते सगळे, तीन महिने झाले होते. मुलीने कुठल्याही वर्गाला तोंड दाखवलेलं नव्हतं. तिच्या डोक्यावर भरपूर केस होते. ती खुणेच्या गोलात उभी राहिली. तिच्या मानेमागे मान मोजण्याचं यंत्र होतं: एक उभी पट्टी, तिच्या टोकाला एक लहान दिवा. मान वाकली की दिवा लाल होई. पोलादी फूटपट्टी आईच्या हातात होती. ते काम ज्येष्ठ सदस्याकडे असे.

मुलीने हात डोक्यावरून नेला. जीभ बाहेर काढून, टाचा उचलून ताणला. आईने फूटपट्टी लावली.

एक बोट कमी होतं. बरोबर एक बोट.

"जरा मान वाकव बाळ," म्हाताऱ्यांनी मागून हळूच म्हटलं. "जराशी. लागेल बघ."

मुलीने मान वाकवली. दिवा लाल झाला.

निरीक्षकबाई आईकडे पाहत होत्या. मार्च नऊ दिवसांवर होता. आईचा डावा हात मोकळा होता, आणि मुलीचं डोकं त्या हाताच्या अगदी जवळ होतं. केसांचा उबदारपणा तळव्याला जाणवावा इतकं जवळ. तो हात काही वेळ तसाच राहिला. मग आईने त्याच हाताने तक्ता पुढे ओढला आणि रकान्यात लिहिलं: बाह्य साहाय्य. एक बोट कमी.

"पुढच्या वर्षी या हं," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी लागेल ना हात?" आजोबांनी विचारलं.

"लागेल. पण पुढच्या वर्षीपासून वय तीन होणार आहे."

त्यांनी नातीचा स्वेटर सारखा केला, तिचं बोट धरलं आणि समितीचे आभार मानून ते निघाले. जाताना मुलगी एकसारखी हात डोक्यावरून नेऊन पाहत होती. समितीने अठरा नंबरला आत बोलावलं.

या प्रकरणी आपलं मत काय असेल याचा अंदाज आहे. आईचं चुकलं, असंच आपण म्हणाल. म्हणण्याआधी एवढंच लक्षात घ्यावं, की हे वाचताना मध्येच कुठेतरी आपणही उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावून पाहिलात. पोहोचला. बरं वाटलं. मान किती वाकली होती ते कोणी मोजलं नाही.

आपल्या वेळीही मोजलं नव्हतं. म्हणून तर आपण आत आहोत. तेव्हा कृपया दार लावून घ्यावं. बाहेर रांग आहे.